गेघार्दच्या घळीत वाचलेलं एक नाव

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या सिल्लोडवरून अजिंठ्याकडे शाळांच्या गाड्या सुरू होतात. पुढच्या काचेवर शाळेच्या नावाचं कापड, खिडक्यांतून बाहेर आलेले हात, आत गाणी. चित्रकलेचा शिक्षक म्हणून एकतीस वर्षं मीही अशा सहली नेल्या. त्या सहलींबद्दल मला एक मागणं मांडायचं आहे. पण ते सुचलं अजिंठ्यात नव्हे, गेल्या महिन्यात आर्मेनियातल्या एका घळीत. म्हणून आधी तिथलं सांगतो.

माझी भाची येरेवानला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. आपल्याकडची पुष्कळ मुलं तिथे डॉक्टरकी शिकायला जातात. धाकट्या बहिणीला लेकीला भेटायचं होतं, मेहुण्यांना रजा मिळेना, म्हणून सोबत मी गेलो. मुंबईहून शारजा आणि शारजाहून येरेवान. बहिणीच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्या पिशवीत स्केचबुक.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. मी पाथरवटाच्या घरातला. वडील जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवायचे. उन्हाळ्यात आई गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावून द्यायची. जात्याची पाळी, म्हणजे दगडी चकती, झिजून गुळगुळीत झाली की पीठ जाडंभरडं पडतं, मग टाकीने तिला पुन्हा खरखरीत करावं लागतं. टाकीचा आवाज ऐकून दगड कसा आहे ते वडील सांगायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर आत चीर आहे असं समजून सोडून द्यायचा. मी शिकलो, नोकरीला लागलो, हातात टाकीऐवजी खडू आला. पण दगड दिसला की माझी नजर आधी घडणावळीच्या खुणा शोधते, मूर्ती नंतर दिसते.

येरेवानहून पूर्वेला निघालं की तीसएक किलोमीटरवर गार्नी लागतं. तिथे आझात नदीच्या कड्यावर एक देऊळ उभं आहे, पहिल्या शतकातलं, चहूबाजूंनी खांबांचं. आर्मेनिया ख्रिस्ती होण्याच्या आधीच्या काळातलं असं हे एकच उभं राहिलंय. १६७९च्या भूकंपात तेही कोसळलं होतं. पडलेले दगड तिथेच विखुरलेले राहिले आणि १९६९ ते १९७५ या काळात ते गोळा करून देऊळ पुन्हा उभारलं. जे तुकडे सापडले नाहीत तिथे नवे दगड बसवले, आणि मला तिथून हलू दिलं नाही ते त्या नव्या दगडांनी. त्यांच्यावर नक्षी कोरलेलीच नाही. शेजारच्या जुन्या दगडावर वेलबुट्टी आहे, तिची रेघ नव्या दगडापाशी येऊन थांबते, नवा दगड सपाट, कोरा, आणि त्याच्या पलीकडे रेघ पुन्हा सुरू होते. जुनं कुठलं आणि आपण घातलेलं कुठलं हे येणाऱ्याला कळावं म्हणून त्यांनी मुद्दाम असं केलंय. कोरता येत नव्हतं म्हणून नाही. आर्मेनियात आजही दगडावर असे क्रूस कोरतात की जाळीदार लेस विणल्यासारखी दिसावी. दुसऱ्याच्या कामात आपलं काम मिसळू न देणं याला मोठी कारागिरी लागते. वडील असते तर त्या कोऱ्या दगडावरून त्यांनी हात फिरवला असता.

देवळाखाली घळीत उतरलं की बेसॉल्टचे खांब दिसतात. निसर्गानेच घडवलेले, पाच-सहा कोनांचे, एकाला एक चिकटून, वरून टांगल्यासारखे. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिलीय त्यांना हा प्रकार नवा नाही. लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे खांब होतात. गिल्बर्ट हिल इमारतींच्या गर्दीत एकटी उभी आहे, इथे मात्र दरीच्या भिंतीच्या भिंती अशा आहेत. बहीण मान वर करून म्हणाली, "दादा, हे तर कुणी रचून ठेवल्यासारखं वाटतं." आर्मेनियन लोक आपल्या देशाला हायास्तान म्हणतात आणि यमक जुळवून पुढे कारास्तानही म्हणतात. कार म्हणजे दगड. दगडांचा देश!

गार्नीहून पुढे रस्ता आणखी वर चढतो आणि गेघार्दपाशी संपतो. खरोखरच संपतो, पुढे वाट नाही. दोन्ही अंगांनी कडे जवळ येत जातात, करड्या-तपकिरी रंगाचे, उभे चिरलेले, मधून आझातच्या खोऱ्याचा ओहोळ उड्या मारत खाली जातो. त्या कोंडीत मठ बसलाय. तीन बाजूंना तटाची भिंत आणि चौथ्या बाजूला डोंगर स्वतःच. ऑक्टोबर होता, ओढ्याकाठची झाडं पिवळी झाली होती. वाटेवर बायका गाता विकत बसल्या होत्या. गाता म्हणजे आत गोड सारण भरलेली मोठी गोल भाकरी, वर नक्षी काढलेली. एक म्हातारा जर्दाळूच्या लाकडाचं दुदुक वाजवत होता. आपल्या सनईपेक्षा त्याचा सूर फार खाली, घशातून आल्यासारखा. बहिणीने गाता घेतली, त्या बाईने "मेर्सी" म्हटलं. आर्मेनियन भाषेतला आभाराचा शब्द इतका लांबलचक आहे की रोजच्या बोलण्यात तेही हाच फ्रेंच शब्द वापरतात, असं भाचीने सांगितलं.

जागेचा इतिहास थोडक्यात लिहितो. आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो परंपरेने इसवी सन ३०१ मध्ये. ज्या ग्रेगरी संतामुळे तो स्वीकारला त्यानेच चौथ्या शतकात इथल्या झऱ्यापाशी मठ स्थापला असं मानतात. झरा त्याच्याही आधीपासून पूज्य होता. मठाचं जुनं नाव आयरीवांक, म्हणजे गुहेतला मठ. पुढे येशूच्या कुशीत खुपसलेला असं मानतात तो भाला इथे ठेवला होता म्हणून गेघार्द, म्हणजे भाला, हे नाव पडलं. तो भाला आता एचमियाद्झिनच्या, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाच्या, संग्रहात आहे. आज दिसतं ते बहुतेक काम तेराव्या शतकातलं. मुख्य चर्च १२१५ चं, बांधीव. त्याच्या दारावर डाळिंबं, द्राक्षं, पानं कोरलीत, वर एक सिंह बैलावर झडप घालतोय. २००० साली हा मठ आणि आझातचं वरचं खोरं युनेस्कोच्या यादीत गेलं. आपलं अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये गेलं होतं.

बांधीव चर्च सुंदर आहे, पण मी त्यासाठी गेलो नव्हतो. त्याच्या बाजूच्या दारातून आत वळलं की भिंत संपते आणि डोंगर सुरू होतो. सांधे दिसेनासे होतात. खांब, कमानी, घुमट, दिवा ठेवायचे कोनाडे, सगळं एकाच अखंड दगडात. बहीण मध्येच थांबली आणि म्हणाली, "हे तर आपलं लेणंच आहे की." दारातच तिने चप्पल काढली होती. तिथे कुणी काढत नाही, पण तिला जमेना. फरशी बर्फासारखी गार होती, तरी ती शेवटपर्यंत अनवाणी हिंडली. डोक्यावरून पदर घेतला होता, तिथल्या बायकाही ओढणीसारखं वस्त्र डोक्यावर घेतात. चर्चमधून बाहेर पडताना लोक वेदीकडे पाठ करत नाहीत, तोंड तिकडेच ठेवून मागे मागे पावलं टाकत येतात. आमच्याकडे गाभाऱ्यातून निघताना जुनी माणसं असंच करायची. बहिणीने मला कोपर मारून ते दाखवलं आणि स्वतःही तशीच बाहेर आली.

डोंगरात कोरलेल्या पहिल्या चर्चला आवाझान म्हणतात, म्हणजे हौद. झरा याच्यातच आहे. भिंतीच्या कडेने पाणी झिरपत येतं, दगडातल्या पन्हळीतून वाहतं, लोक ओंजळीने पितात, बाटल्या भरून घेतात, तोंडावर मारतात. १२४०च्या दशकातलं हे काम. आत जवळजवळ अंधार. मधासारख्या रंगाच्या बारीक मेणबत्त्या वाळूत उभ्या खोचलेल्या, तेवढाच काय तो उजेड, आणि वर छताच्या मधोमध एक भोक, त्यातून येणारी एक तिरीप. आमच्यासोबत गोष्टी सांगायला एक स्थानिक मुलगी होती. ती म्हणाली की कारागिरांनी खोदाई वरून सुरू केली आणि हे भोक म्हणजे तिची पहिली जागा. तिथून आत उतरत उतरत खाली आले आणि फोडलेला दगड वर काढत गेले.

मला एकदम वेरूळचं कैलास आठवलं. तेही वरून खाली. आमच्या भागात त्याची जुनी गोष्ट सांगतात. राणीचा नवस होता की देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. पायापासून बांधायचं तर कळस दिसायला वर्षं लागतील. पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि म्हणाला, आठ दिवसांत कळस दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यापासूनच सुरुवात केली. जुन्या मराठी आख्यानात ही कथा आहे. वरून खोदायचं म्हटलं की परांची बांधायला नको, पण चूकही करायला नको, कारण एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही. खालचा खांब कुठे येणार हे वर बसून आधी डोक्यात दिसायला हवं. वडील जात्याचं तोंड पाडतानासुद्धा आधी बराच वेळ दगडाकडे नुसते बघत बसायचे. आई ओरडायची, "बघून काय पोट भरतं का?" मला ते बघणं आता कळतं.

मग त्या मुलीने मोबाइलचा दिवा घुमटाच्या पायथ्याशी रोखला आणि तिथली कोरीव अक्षरं वाचून दाखवली. हे काम ज्याने केलं त्या माणसाचं नाव तिथे आहे. कुण्या राजाचं किंवा मठाधिपतीचं नव्हे, प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं. गालजाक. मी दोनदा विचारून घेतलं. भाची म्हणाली, "मामा, ज म्हणजे जन्मातला नव्हे, जात्यातला." त्याच गालजाकने इथलं दुसरं चर्च आणि त्याच्यापुढचं दालनही कोरलं असं मानतात, म्हणजे सुमारे चाळीस वर्षं तो याच डोंगरात राबत होता. अक्षरं लहान, भपका नाही, डाळिंबांच्या नक्षीलगत. खालून, माहीत नसेल तर दिसणारही नाहीत.

संपादक महाराज, मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाला सात पायऱ्या आहेत. त्या वडिलांनी घडवल्या. प्रत्येक पायरीवर देणगी देणाऱ्याचं नाव आहे. शाळेतले गुरुजी गेरूने अक्षरं लिहून द्यायचे आणि वडील त्या रेघांवर टाकी चालवायचे. वडिलांना वाचता येत नव्हतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची नावं कोरली, आणि कोरलेलं नाव कुणाचं हे त्यांना गुरुजींना विचारावं लागायचं. सातव्या पायरीला थोडी जागा उरली होती. गुरुजी म्हणाले होते, "रामा, तुझंही टाक की." वडिलांनी मान हलवली नाही, तसंच हत्यार गोळा केलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. ती जागा अजून तशीच आहे. गेघार्दच्या अंधारात मला ती दिसली.

आतल्या दुसऱ्या दालनाबद्दलही लिहायला हवं. प्रोश नावाच्या सरदाराने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मठ विकत घेतला आणि आपल्या घराण्याचं दफनगृह इथे खोदवलं. १२८३ चं. तिथे भिंतीवर त्यांचं घराण्याचं चिन्ह आहे. दोन सिंह, त्यांच्या गळ्यातली साखळी एका जनावराच्या जबड्यात, खाली पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या नखांत कोकरू. कोरीव मोठं धीट, ठोसर, जवळपास लाकडात कोरल्यासारखं. सिंहांच्या माना पुढून बघणाऱ्याकडे वळलेल्या. मी स्केचबुक काढलं पण अंधारामुळे जमलं नाही, बोटांनी चाचपत नुसत्या मापाच्या रेघा ओढल्या.

वरच्या मजल्यावर आणखी एक दालन आहे, १२८८ चं. तिथे बाहेरच्या जिन्याने जावं लागतं, मग डोंगरातून एक अरुंद बोळ. बोळाच्या दोन्ही भिंतींवर क्रूसच क्रूस. आत चार जाड खांब, तेही अखंड, आणि एका कोपऱ्यात जमिनीला भोक. त्यातून वाकून पाहिलं तर खालचं दफनगृह दिसतं. आम्ही पोचलो तेव्हा पाच बायका तिथे उभ्या होत्या, साध्या काळ्या कपड्यांत. कुणी काही जाहीर केलं नाही. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि गायला सुरुवात केली. वाद्य नाही, काही नाही. एक सूर संपायच्या आत त्याच्यावर दुसरा येऊन बसत होता आणि पहिला अजून छताखाली फिरतच होता. पाचांच्या जागी वीस गातायत असं वाटत होतं. गाणं थांबलं तरी दगड थांबला नाही, तो आणखी काही क्षण गात राहिला. वडील असते तर म्हणाले असते, खणखणीत आहे.

त्या गेल्यावर दालनात आम्ही तिघंच उरलो. बहीण गावच्या भजनी मंडळात आहे. भाचीने तिला म्हटलं, "आई, तू म्हण ना." ती लाजली, आधी नको नको म्हणाली. मग खांबाला एक हात लावून, अगदी हळू, "रामकृष्णहरी" म्हणाली. तेवढंच. ते परत आलं, तिच्याच आवाजात, पण जरा मोठ्या वयाच्या कुणीतरी म्हटल्यासारखं. तिने पुढचं म्हटलंच नाही. डोळे पुसत बसली.

बाहेर आल्यावर आणखी दोन गोष्टी पाहिल्या. मठाच्या दाराअलीकडच्या कड्यात लहान लहान खाचा आहेत. लोक खालून खडा फेकतात, तो खाचेत टिकला तर मनातली इच्छा पुरी होते. बहिणीचा तिसरा खडा टिकला, तो लेकीच्या परीक्षेसाठी होता. आणि ओढ्याकाठच्या झाडांना नवसाच्या चिंध्या बांधलेल्या. सुटीच्या दिवशी लोक मेंढा किंवा कोंबडा घेऊन येतात, नवस फेडतात आणि मटण शेजाऱ्यापाजाऱ्यांत, गरिबांत वाटून टाकतात. त्याला ते मताघ म्हणतात. आमच्याकडच्या कंदुरीची आठवण झाली. या गोष्टी मला परक्या वाटल्या नाहीत. परकं वाटलं ते एवढंच, की तिथल्या एका साध्या मुलीला दगड कोरणाऱ्याचं नाव पाठ होतं आणि ते परक्या माणसाला सांगताना तिचा आवाज जरा उंचावला होता.

मी एकतीस वर्षं मुलांना लेणी दाखवली. मी काय सांगितलं? सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट. कृष्णराजाने कैलास खोदवलं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात नेऊन जॉन स्मिथची गोष्ट मात्र दर वेळी सांगितली. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आलेल्या त्या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि तिथल्या चित्राच्या खांबावर स्वतःचं नाव खरवडलं. मुलं ते नाव शोधायला धावायची, सापडलं की ओरडायची. एका दिवसासाठी आलेल्या माणसाने खरवडलेलं नाव मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पाठ करून दिलं. एकदा एका सहलीत आमच्याच एका मुलाने कर्कटकाने खांबावर आपली आद्याक्षरं ओरखडली. मी त्याला सगळ्यांसमोर फार बोललो. त्याने खालमानेने विचारलं, "सर, मग त्या स्मिथचं नाव आपण का बघतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी त्याला आणखी बोललो. त्याची मला आज लाज वाटते.

परत आल्यावर मी शोध घेतला, आपल्याकडे अशी नावं नाहीतच का? तर आहेत, आणि गेघार्दपेक्षा हजारांहून अधिक वर्षं जुनी आहेत! माझ्याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला, यक्षाची जी मूर्ती सापडली तिच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरलंय की ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. सोनाराने दगड कोरलाय, विचार करा. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात लिहिलंय की हे कण्हाचा शिष्य बलक याने केलं. नुसतं स्वतःचं नाव नाही, गुरूचंही. कार्ल्याला दाराचं काम करणाऱ्या सुताराचं नाव आहे, धेनुकाकट या गावचा सामी. ही माहिती अभ्यासकांच्या पुस्तकांत कधीपासून छापलेली आहे. पितळखोऱ्याला मी तीनदा मुलं घेऊन गेलो होतो. तिन्ही वेळा कण्हदासाचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही, कारण मी ते कधी वाचलंच नव्हतं.

म्हणून माझं मागणं असं आहे, आणि ते शाळांपाशी, शिक्षकांपाशी आणि लेण्यांची देखरेख करणाऱ्यांपाशी सारखंच आहे. मुलांना ही नावं सांगा. कण्हदास, बलक, सामी. पाटीवर राजाचं नाव आहे त्याच्या खाली ही लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. मुलांकडून ती मोठ्याने म्हणवून घ्या, त्यांना उच्चारायला सोपी आहेत.

आणि अजिंठ्याला गेलात तर चोवीस क्रमांकाचं लेणं टाळू नका. सहली एक, दोन, सोळा, सतरा, एकोणीस, सव्वीस अशा उड्या मारत जातात. चोवीस अपुरं राहिलंय म्हणून तिथे कुणी थांबत नाही. खरं तर लेणं कसं खोदतात हे कळायचं असेल तर तीच जागा. पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी ते एक झालं असतं. आधी दगडात खोल लांब चर मारायचे, चरांच्या मधे दगडाच्या भिंती उरतात, मग त्या फोडून काढायच्या, आणि खांबांपुरता दगड तेवढा सोडायचा, हे सगळं तिथे अर्ध्यावर थांबलेलं दिसतं. हत्यार ठेवून माणूस जेवायला गेलाय आणि परत यायचाय असं वाटतं. आमच्या काही मुलांच्या घरी अजून छिन्नी-हातोडा आहे. त्या मुलांना तिथे पुढे उभं करा, ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. शाळेत घरचा धंदा सांगायला मी लहानपणी कचरत होतो. त्या लेण्यात कुणी कचरणार नाही.

सिल्लोड-कन्नड परिसरातल्या कुठल्याही शाळेने बोलावलं तर मी सोबत यायला तयार आहे, पैसे नकोत. वडिलांची टाकी बरोबर आणीन, मुलांना हातात धरायला देईन, लेण्याबाहेरच्या साध्या धोंड्यावर दोन घाव घालू देईन म्हणजे त्यांना जोर किती लागतो ते कळेल. वेळेचं तेवढं सांभाळा. अजिंठ्याचं चोवीस नंबर सकाळी, दार उघडल्या उघडल्या गाठायला हवं. सोमवारी तिथे सुट्टी असते. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तिथे दुपारी चारनंतर जायचं, मंगळवार सोडून. उन्हं तिरपी आत आली की टाकीच्या खुणा एकेक करून वर उठतात, आणि माणसाचा हात कोणत्या बाजूने चालला होता ते बोट ठेवून दाखवता येतं.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर